पांढरी लागली

नागपूर सपाट आहे असं म्हणणाऱ्या माणसानं कधी सायकलरिक्षा चालवली नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो. मी चालवली. अर्धं आयुष्य चालवली. खालच्या महाल वस्तीतून वरच्या बर्डीला सवारी न्यायची म्हणजे रेल्वेच्या पुलाखालून निघालं की सीट सोडून उभं राहावं लागे, आणि परत येताना रिक्षा आपली आपण घरी येई. नकाशा मला वाचता येत नाही. शाळेत मी चौथीपर्यंत जेमतेम बसलो. पण या शहराचा कुठला रस्ता कोणत्या अंगाला झुकतो ते माझ्या पोटऱ्यांना विचारा. बर्डी हे नाव कुणी दोन भावांवरून पडलं म्हणतात, कुणी आणखी काही. माझ्या पोटऱ्या म्हणतात, बर्डी म्हणजे बरड, उंच, कडक, दगडाची जमीन. बस्स.

आणि विचार करा, जुन्या लोकांनी किल्ला बर्डीच्या टेकडीवर बांधला आणि वस्ती खाली महालात केली, ती उगाच? जिथे दम लागतो तिथे तोफ, जिथे दम बसतो तिथे बाजार. नदी जवळ, पण अंगावर नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. सवारी उतरली की घाम पुसत बसायचो आणि असं काही सुचलं की अंगावर काटा यायचा. वाटायचं, कुणाला तरी सांगावं. सांगणार कुणाला? दुसऱ्या रिक्षावाल्याला सांगितलं तर तो म्हणे, "ऊन लागलं का गा तुले?"

सांगायला माणूस मिळालं ते फार उशिरा. माझी सून. शाळेत भूगोल शिकवते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला असतो, महिन्या-दोन महिन्यांनी येतो, त्यामुळे घरात आम्ही तिघं. मी, माझी बायको आणि सून. महालात भाड्याच्या दोन खोल्या. तिथे संध्याकाळी चहा झाला की माझं आणि सुनेचं भांडण सुरू व्हायचं, आणि बायको लसूण सोलत ऐकायची.

सून म्हणाली, "बाबा, जगातल्या सगळ्या मोठ्या संस्कृती नदीकाठी उभ्या राहिल्या."

मी म्हटलं, "काठी नाई. काठापासून दूर. हाक गेली पाहिजे पण पूर नाई आला पाहिजे, इतकी दूर."

"तेच ते."

"तेच ते कसं? तू नदीत घर बांधतं काय?"

"पुस्तकात काठ म्हणजे खोरं, बाबा. सगळं खोरं."

"मंग खोरं म्हन नं. काठ काहून म्हनतं?"

बायको म्हणे, "लसूण सोलाले या दोघंही. संस्कृती मंग उभी करजा."

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे गावाच्या जमिनीला दोन नावं असतात. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे घरं जिथे उभी आहेत ती जागा. काळी माती पिकाला सोनं आहे, पण घराला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, अशी फाटते की भेगेत विळा पडला तर हात घालून काढावा लागतो. तिच्यावर भिंत उभी केली की दोन वर्षांत भिंतीलाही तशीच भेग. म्हणून शहाण्या माणसांनी गाव उंचावर, कडक जागी वसवलं, आणि मग पिढ्यान् पिढ्या चुलीची राख, पडलेल्या भिंतीची माती, शेण, भुसा, फुटलेली मडकी एकावर एक बसत बसत ती जागाच पांढुरकी झाली. तुम्हीच सांगा, माणूस राहतो म्हणून मातीचा रंग बदलतो, याहून मोठी गोष्ट काय आहे? एका शब्दात सगळा इतिहास आला. पांढरी!

माझं गाव पारशिवनीकडचं, पेंच नदीच्या अंगाचं. तिथे जुन्या पांढरीची एक टेकडी होती. माझी आई तिथून टोपलीनं माती आणायची, भिंती सारवायला. मऊ, पिठासारखी. मुठीत घेतली की थंड लागे.

टोपलीनं आणायची, कारण आम्ही त्या पांढरीवर राहत नव्हतो. आमची वस्ती गावाच्या बाहेर, खालच्या अंगाला, नाल्याला लागून. गावाचं पाणी वापरून झालं की आमच्याकडे यायचं. नाल्याला पूर आला की पहिलं भांडं आमचं वाहायचं. माझ्या बापानं नागपूरला येऊन बौद्ध धर्म घेतला, परत गेला, आणि त्या साली पहिल्यांदा त्यानं घराचं जोतं हातभर उंच केलं. गावातला एक जण म्हणाला, "काहून गा, आता वर चढून राहिला काय?" बाप म्हणाला, "हौ. चढूनच राहिलो." ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की सुनेलाही पाठ आहे.

एकदा ती भांडणात म्हणाली, "भूगोल माणसाची जागा ठरवतो, बाबा." मी तिथेच चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "नदीनं गाव ठरवलं, कबूल. उंचवटा कुठं, खोलगट कुठं, ते जमिनीनं ठरवलं, कबूल. पन उंचवट्यावर कोनी बसाचं आन् खोलगट्यात कोनी, ते कोन्या नदीनं सांगितलं? आमाले खाली नदीनं नाई बसवलं, बाई. मानसानं बसवलं."

सून गप्प बसली नाही. ती गप्प बसणारी नाहीच. म्हणाली, "मग त्यालाही भूगोलच म्हणा. मी पोरांना हेच करायला लावते. आपापल्या गावाचा उतार काढा, आणि मग लिहा, वर कोण, खाली कोण. एका पोरानं दोन ओळी लिहिल्या आणि वही बंद केली. म्हणाला, मॅडम, घरी विचारून सांगतो."

एवढी वर्षं मला वाटायचं हे फक्त मलाच सुचलं.

आता प्लॉटचं. मुलानं रिंग रोडच्या पलीकडे एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला. बायकोनं उभा जन्म दुसऱ्याच्या दारातून ये-जा केली, तिला आपलं दार पाहिजे होतं. मला काय पाहिजे होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला पांढरी पाहिजे होती. बस्स एवढंच. जन्म खालच्या अंगाला झाला, मरण खालच्या अंगाला येऊ द्यायचं नाही.

पहिल्यांदा सायकलवर प्लॉट पाहायला गेलो, तर मोठ्या रस्त्यावरून वळलो आणि पायडल न मारता सायकल थेट प्लॉटपर्यंत गेली. मी बायकोला घरी येऊन सांगितलं, "जागा मले वढून राहिली व्हती वं! ही आपलीच जागा हाय!"

उन्हाळ्यात काम काढलं. मिस्त्रीनं पुढच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला कॉलमचे खड्डे खणायला घेतले. वर हातभर मुरूम होता. त्याखाली पावडा गेला तो लोण्यात गेल्यासारखा. आणि वर आली ती पांढुरकी, मऊ, पिठासारखी माती.

मी खड्ड्यात उडी मारली. या वयात! मिस्त्री ओरडला, "बाबा, पाय मोडन!" मी मूठभर उचलली. मऊ. थंड. माझ्या आईच्या टोपलीतली.

"पांढरी!" मी ओरडलो. "पांढरी लागली!"

"काय लागलं?" मिस्त्री म्हणाला. तो छिंदवाड्याकडचा, त्याला शब्द कळेना.

"अरे बाबा, गाव व्हतं अथी! हजार वर्सांचं गाव! मानसं राह्यली अथी, चुली पेटल्या, त्याची राख हाय ही!"

मी वर आलो, सायकल काढली, चौकातून जिलबी आणली आणि लेआउटमधल्या प्रत्येक घरी वाटली. एका घरात कुत्रा अंगावर आला, त्यालाही एक टाकली. लोक विचारत, काय काका, नातू झाला काय? मी म्हणे, नातू नाही, बाप सापडला. माझ्या घराखाली जुनं गाव आहे. तुमच्या कुणाच्या घराखाली आहे काय? दोन दिवस मी हेच करत होतो. पेपरवाल्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. रात्री बायको म्हणाली, "अवो, तुमी तं पाटीलच झाले. उद्या पागोटं आनू काय?"

तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. सून आली. खड्ड्याच्या कडेला उकिडवी बसली, माती बोटांत चोळली, वास घेतला. मी छाती पुढे काढून उभा.

"बाबा," ती म्हणाली, "एक खापर दाखवा."

"काय?"

"गाव होतं ना? मग मडकं फुटलंच असेल. एक तुकडा दाखवा. हाड दाखवा, बांगडी दाखवा, काही दाखवा. नुसती राख कशी?"

माझ्या डोक्यात वीज चमकली. खरंच की. आमच्या गावच्या पांढरीत टोपलीगणिक खापरं निघत, आई ती वेचून फेकायची. पण मी हट्टी माणूस. म्हटलं, "आत्ता दाखवतो!" आणि भर उन्हात, डोक्याला शेला बांधून, त्या ढिगात बसलो. चाळत बसलो. बायकोनं पाणी आणून दिलं, मी घेतलं नाही. जेवायला बोलावलं, गेलो नाही. एक खापर. मला एक खापर पाहिजे होतं.

सापडलं ते दुसरंच. ढीग संपला म्हणून खड्ड्यात उतरलो, तर कमरेइतक्या खोल, तळाच्या बाजूला, काहीतरी चकाकलं. मी ओढलं. गुटख्याची पुडी.

बायकोनं ती माझ्या हातातून घेतली, उन्हात धरली, उलटी-पालटी केली. "हजार वर्सांपूर्वीचा मानूस पुडी खाऊन राह्यला व्हता वाट्टे," ती म्हणाली.

मिस्त्री हसला. सून हसू दाबत होती, तिचे खांदे हलत होते. मला राग येणार, तेवढ्यात पाण्याचा टँकर घेऊन टँकरवाला आला. विटा भिजवायला रोज यायचा. त्यानं खड्ड्यात डोकावून सहज सांगितलं, "ही तं वीजघरातल्या कोळशाची राख आहे, काका. लेआउट पाडून प्लॉट आखले तेव्हा मीच ट्रक चालवत होतो. अथी खोलगट होतं नं. भरून टाकलं."

"खोलगट म्हंजे काय?"

"नाला होता बारका. पावसापुरता."

नाला.

मला माझी सायकल आठवली. जागेनं मला ओढलं नव्हतं. उतारानं ओढलं होतं. या पोटऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, कारण मला दुसरंच ऐकायचं होतं. ज्या नाल्याच्या काठी मी जन्मलो, त्याचाच कुणी भाऊबंद मला इथे शोधत आला होता.

मिस्त्री म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, बाबा. वरून मुरूम टाकू, जोतं उंच घेऊ. सगळे असंच करतात."

"नाई," मी म्हटलं.

"अहो, पण..."

"नाल्यात मी झोपनार नाई. बांधा तुमी. मी महालातच मरतो."

बायको तिथेच विटांच्या चवडीवर बसली. ती रडणारी बाई नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजे झालं. माह्यं दार गेलं." आणि गुडघे चोळू लागली. ते शब्द मला मिस्त्रीच्या हसण्यापेक्षा जास्त लागले. मी पांढरीच्या नादात तिचं दार विसरलो होतो.

सून उठली. साडीची धूळ झटकली. "सगळा प्लॉट काही नाला नसेल, बाबा. बारका होता म्हणतो ना हा? मग कुठून कुठे गेला ते पाहू."

"कसं पाहाचं? वरून सगळा मुरूम सारखाच हाय."

तिनं टँकरकडे पाहिलं. मीही पाहिलं. दोघांनाही एकदमच सुचलं, पण ती आधी बोलली हे मी कबूल करतो.

"वरच्या कोपऱ्यातून पाणी सोडा," ती टँकरवाल्याला म्हणाली.

"मॅडम, उन्हाळ्यात? लोक माझं टाळकं फोडतील."

"सोड गा," मी म्हटलं, "मी पाहातो कोन फोडते तं!"

आता माझ्या अंगात पुन्हा आलं. मी म्हटलं, पाणी उताराला धावेल, धावेल तिथे नाला. पूर्वेच्या भिंतीला धरून जाईल, माझी पैज. सून म्हणाली, "धावते कुठे ते नका पाहू, मुरते कुठे ते पाहा. भरावाचा मुरूम सैल, तो आणि खालची राख पाणी पिऊन टाकेल. मूळचा कडक मुरूम पिणार नाही, वरच ठेवेल. आणि मला वाटते तो मधून गेला असावा." मधून म्हणजे आमच्या नकाशात जिथे स्वयंपाकघर होतं तिथून. मधून गेला तर घर संपलं. तिला तसं व्हायला नको होतं, पण जे दिसतं ते ती बोलते, आणि म्हणूनच मला ती आवडते.

टँकरवाल्यानं कॉक फिरवला.

शेजारपाजारचे लोक बाहेर आले. ज्यांना मी जिलबी वाटली होती तेच. पाणी आलं, धुळीचा फेस पुढे ढकलत, जीभ काढून आल्यासारखं. क्षणभर थांबलं. डावीकडे जरासं, उजवीकडे जरासं. कुणीतरी म्हणालं, काय चाललंय काका? मी हात वर केला, बोलू नका. मनात आलं, पहिल्यांदा ज्यानं कुणी गाव वसवलं असेल, तोही असाच उभा राहून पाण्याकडे पाहत असेल. त्याच्या मागे त्याची बायको अशीच विटांवर, दगडांवर बसली असेल. पाणी जाईल तिथून माणसानं बाजूला व्हायचं. शहरं उभी राहिली ती एवढ्याच एका गोष्टीवर!

पाणी वळलं आणि सरळ मधे निघालं. स्वयंपाकघराकडे.

"गेलं," बायको म्हणाली.

"थांबा आई," सून म्हणाली.

मधे गेलेलं पाणी साचलं. थाळीएवढं, मग घमेल्याएवढं, मग खाटेएवढं. पण आत जाईना. वरच चकाकत राहिलं. आम्ही सगळे वाकून पाहतोय. मी पायातली चप्पल काढली आणि पाण्यात उभा राहिलो. टाच दाबली. खाली कडक. दगडासारखं कडक!

"बरड!" मी ओरडलो. "बरड हाय अथी! पीत नाई पानी!"

आणि मग ते पाणी काठावरून कलंडलं, पूर्वेकडे घसरलं, खड्ड्यांच्या अलीकडे एका रेषेत पोहोचलं आणि दिसेनासं झालं. सुर्र आवाज आला. बुडबुडे आले. टँकर ओतत होता आणि जमीन गिळत होती. नाला पूर्वेच्या अंगाला होता, मी म्हटलं तिकडेच, पण भिंतीला धरून नव्हता, आत घुसून होता, प्लॉटचा तिसरा हिस्सा खाऊन. म्हणजे मीही पुरता बरोबर नव्हतो आणि सूनही पुरती चुकली नव्हती. टँकरवाला म्हणाला, "बरोबर, असाच वाकडा होता." आधी सांगायला याचं काय जात होतं?

मिस्त्रीनं डोकं खाजवलं. "बाबा, मग नकाशा मागे सरकवावा लागेल. पुढची खोली जाईल."

"जाऊ दे. वर चढव. एक मजला जास्त."

"तुमचे गुडघे?"

"माह्ये गुडघे बर्डी चढले हायत, तुह्या जिन्याले भेत नाईत."

आमचं हे चाललं होतं तोवर बायको उठली होती. तिनं मिस्त्रीच्या सामानातून फक्कीचा डबा उचलला, तो पांढरा चुना, ज्यानं घराची आखणी करतात. आणि वाकून, एक हात कमरेवर ठेवून, जिथे पाणी जमिनीत शिरत होतं त्या काठाकाठानं ती चुना सोडत निघाली. वाकडीतिकडी रेषा. जिथे नाला आत घुसला तिथे रेषा आत, जिथे बाहेर गेला तिथे बाहेर. मिस्त्री म्हणाला, "मावशी, रेषा सरळ पाहिजे." ती म्हणाली, "पानी सरळ गेलं काय?"

शेवटपर्यंत गेली. मग वळून आम्हाला म्हणाली, "या रेघेच्या खाली केळी लावीन. केळीले पानी लागते. आन् रेघेच्या वर मी. मले कोरडं लागते."

सून टाळ्या वाजवायला लागली. शेजारच्या दोन बायकांनीही वाजवल्या, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक.

"आणि दार, मावशी?" मिस्त्रीनं विचारलं. "वास्तूप्रमाणे तर पूर्वेला..."

"आमच्यात वास्तू नसते," बायको म्हणाली. ती रेषेपासून आत, कडक जमिनीवर गेली, दोन-तीनदा पाय आपटून पाहिले, आणि उभी राहिली. "मी उभी हाओ नं, तथं."

मिस्त्रीनं तिच्या पायाशी खुंटी ठोकली. मुरमात ती शिरता शिरेना. ठण ठण आवाज होत होता आणि प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं की हा आवाज पारशिवनीपर्यंत ऐकू जावा. दोरीचं एक टोक त्यानं खुंटीला बांधलं, दुसरं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, मागच्या कोपऱ्यापर्यंत जा आणि ताणून धरा. मी गेलो. ताणली. अशी ताणली, अशी ताणली की मिस्त्री तिकडून ओरडला, "बाबा, ढील द्या, ढील द्या! खुंटी उपटून राहिली!"

"उपटत नाई!" मी ओरडलो. "बरडात हाय ते!"